आईची आठवण आणि फाईलमधली कोरी जागा

पत्र थोडक्यात असं: पुण्यात नोकरी करणारी 34 वर्षांची एक लेक लिहिते आहे. आई 57 वर्षांची, सांगलीत राहते. पाळी बंद होऊन सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात आई बीपीसाठी नव्या डॉक्टरांकडे गेली, तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं, "पिशवीच्या तोंडाची तपासणी कधी झाली होती?" आई ठामपणे म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी पॅप झाली, नॉर्मल आली." डॉक्टरांनी रिपोर्ट मागितला. लेकीने जुन्या दवाखान्यातून फाईलची झेरॉक्स आणली, तर भेटीची तारीख निघाली मार्च 2021 ची आणि पॅपचा (गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या, कॅन्सरसाठीच्या चाचणीचा) कुठे उल्लेखच नाही. "पी/एस – सर्व्हिक्स हेल्दी" एवढीच नोंद. त्याआधीचे घरातले कागद ऑगस्ट 2019 च्या पुरात गेले. आई म्हणते, "माझ्या अंगावर काय केलं ते मला ठाऊक नाही होय? शिवाय मंडळाच्या शिबिरातपण बघितलं होतं." बाबा म्हणतात, "आईला खोटं पाडायला शिकलीस का पुण्यात?" थोरली मावशी काही वर्षांपूर्वी 'पोटाच्या कॅन्सरने' गेली, म्हणून लेकीचा जीव जास्तच धास्तावला आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता: "तसा तिला काही त्रास नाही. मध्ये एकदा थोडं लाल गेलं होतं, तेवढंच." तिचा प्रश्न: विश्वास कोणावर ठेवू, आईवर की फाईलवर? आणि कागद समोर ठेवून तिला चूक मान्य करायला लावू का?

पुण्याच्या लेकीस,

तुझी शेवटची ओळ मी आधी घेते. "तेवढंच" म्हणून तू जी बाजूला सारलीस, ती या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. पाळी बंद होऊन वर्ष उलटलं की त्यानंतर एकदाही, ठिपकाभरही लाल गेलं, तरी ते स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं असतं. मग आधी पॅप झाली होती की नाही, नॉर्मल होती की नाही, याला महत्त्व उरत नाही. स्क्रीनिंग, म्हणजे आजार लवकर हेरायची तपासणी, असते ती काहीच त्रास नसलेल्या माणसासाठी. त्रास दिसला की तपासणीचं कारणच बदलतं. पॅपमध्ये पिशवीच्या तोंडावरच्या पेशी बघतात. पाळीनंतरच्या रक्तस्रावात पिशवीच्या आतल्या अस्तराचाही विचार करावा लागतो. त्यासाठी आतून सोनोग्राफी करतात आणि गरज वाटली तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. परवाची नॉर्मल पॅप हातात असती, तरी हे करावंच लागलं असतं.

लगेच घाबरू नकोस. अशा रक्तस्रावासाठी येणाऱ्या साधारण दहापैकी नऊ जणींमध्ये अस्तराचा कॅन्सर निघत नाही. बऱ्याचदा वयानुसार आतली त्वचा कोरडी, पातळ झालेली असते किंवा छोटासा मांसल कोंब असतो. पण ती दहावी बाई आपली आई नाही, हे घरी बसून ठरवता येत नाही. तेव्हा याच आठवड्यातली वेळ घे. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंस तरी चालेल.

घेतलीस? मग आता तुझ्या प्रश्नाकडे येऊ.

तू विचारतेस, विश्वास कोणावर ठेवू. मला तो शब्दच इथे अडचणीचा वाटतो. विश्वासाची भाषा आली की एक बाजू खरी आणि दुसरी खोटी ठरवावी लागते, आणि घरात नेमकं तेच सुरू झालंय. तुझ्या पत्रातलेच तपशील जुळवून बघ. मार्च 2021 मध्ये डॉक्टरीणबाईंनी आईला टेबलावर घेतलं, पी/एस केलं, म्हणजे स्पेक्युलम घालून पिशवीचं तोंड डोळ्यांनी पाहिलं, आणि ते निरोगी दिसलं. बाहेर येऊन त्या काय म्हणाल्या असतील? "सगळं नॉर्मल आहे हो." आईच्या लक्षात राहिलं ते हेच: आतून तपासलं आणि नॉर्मल निघालं. यात खोटं काही नाही. तिच्या आठवणीत चुकलाय तो फक्त 'पॅप' हा शब्द, आणि तो तिने कुठून उचलला असेल हे सांगायला ज्योतिषी नको. हल्ली तो टीव्हीवर, वॉट्सॲपवर, शेजारच्या वहिनींच्या तोंडी सगळीकडे असतो.

टेबलावर पडलेल्या बाईला नक्की काय कळतं, याचा विचार कर. पाय वर, नजर छताकडे, जीव मुठीत. गार लोखंडाचा स्पर्श कळतो, दाब कळतो. त्यानंतर डॉक्टरांनी नुसतं पाहिलं, ब्रशने पेशी घेऊन काचेवर पसरल्या, की एचपीव्हीसाठी (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूसाठी) नमुना नळीत टाकला, हे पडद्याच्या पलीकडे घडतं. या तिन्ही गोष्टी अंगाला जवळपास सारख्याच लागतात, पण त्यांचं वैद्यकीय वजन फार वेगळं आहे. नुसतं पाहणं म्हणजे स्क्रीनिंग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारण बायकांमध्ये एचपीव्ही चाचणी नकारात्मक आली तर पुढची 5 ते 10 वर्षांनी चालते. पॅप किंवा ॲसिटिक ॲसिड लावून पाहणं असेल तर दर 3 वर्षांनी. म्हणजे 'तपासणी झाली होती' एवढ्यावरून पुढची कधी करायची ते ठरत नाही. कोणती झाली होती, हे कळावं लागतं. आणि ते आईच्या शरीराला कळलेलंच नसतं, मग ते तिला आठवणार कसं?

एकट्या तुझ्या आईचा हा घोटाळा नाही. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच बघ. 2015-16 च्या चौथ्या फेरीत बायकांना विचारलं होतं की गर्भाशयमुखाची कधी तपासणी झाली का. देशभरात सुमारे 22 टक्के बायका हो म्हणाल्या. 2019-21 च्या पाचव्या फेरीत प्रश्न गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी केलेल्या स्क्रीनिंग चाचणीबद्दल होता. आकडा आला 1.9 टक्के. दोन फेऱ्यांच्या छापील आकड्यांमधला वयोगट वेगळा आहे हे खरं, पण 22 वरून 2 पर्यंतची ही घसरण वयोगटाने समजावता येत नाही. चार-पाच वर्षांत देशातल्या बायकांनी तपासणी करून घेणं सोडून दिलं असंही नव्हे. 'आतून तपासलं का?' आणि 'कॅन्सरची चाचणी झाली का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डॉक्टरांना विचारायचा होता दुसरा, तुझ्या आईने उत्तर दिलं पहिल्याचं.

यावर अभ्यासही पुष्कळ झालेत. 2008 साली अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. लोकांचं सांगणं आणि दवाखान्याच्या नोंदी समोरासमोर ठेवून पाहिल्या होत्या. पॅपची नोंद असलेल्या 100 बायकांपैकी साधारण 93 जणी "हो, झाली" म्हणाल्या. म्हणजे झालेली गोष्ट बायका सहसा विसरत नाहीत. पण नोंदीप्रमाणे जिची पॅप झालेलीच नव्हती, अशा 100 जणींपैकीही निम्म्याहून जरा जास्त "हो, झाली" म्हणाल्या! मॅमोग्राफीतही (स्तनांच्या एक्स-रे तपासणीतही) तोच कल दिसला, फक्त जरा कमी. आठवण इथे एकाच दिशेला झुकते, होकाराकडे. त्यामुळे एखादी बाई "माझी कधीच झाली नाही" म्हणाली तर ते बरंचसं धरून चालायला हरकत नाही. "झालीय" म्हणाली तर कागद मागायचा. त्यात अविश्वास नाही. 'हो' कुठे घसरतं ते माहीत असल्यामुळे मागायचा. शिवाय नव्या डॉक्टरांसमोर "नाही केली" म्हणणं म्हणजे बोलणी खाणं, ही भीती आपल्या आयांच्या पिढीत अजून आहे. माझ्यातही आहे, खोटं कशाला बोलू.

आता तारखेचं. दोन वर्षांपूर्वी म्हणाली आणि फाईल सांगते 2021, यावरून बाबांशी तुझं जास्त वाजलं असं दिसतं. 1964 साली जॉन नेटर आणि जोसेफ वाक्सबर्ग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी घरदुरुस्तीच्या खर्चाबद्दल लोकांना विचारताना हीच गंमत टिपली होती: लोक जुना खर्च अलीकडचा म्हणून सांगतात. दुर्बिणीतून लांबचं जवळ दिसावं तसं. मी स्वतः गेल्या दिवाळीत डॉक्टरांना सांगितलं की माझी मॅमोग्राफी "मागच्याच वर्षी" झाली. कपाट उपसलं, तर फिल्मच्या पाकिटावर जानेवारी 2020. लॉकडाऊनच्या आधीची! मधली वर्षं कुठे गेली ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हा आईच्या दोन वर्षांवरून तिच्या स्मरणशक्तीबद्दल काही अनुमान काढू नकोस.

इथवर वाचून तुला वाटेल, म्हणजे फाईलच खरी. तिथेही थांब.

फाईल काय सांगते? त्या दवाखान्यात, त्या भेटीत, कोणीतरी काय लिहिलं एवढंच. जे दुसरीकडे झालं ते त्यात नसतं. आणि तुझी आई पत्रात स्वतःच म्हणते की मंडळाच्या शिबिरात बघितलं होतं. ते वाक्य तू वादातला फाटा म्हणून सोडून दिलंस. मला तो पुरावा वाटतो. आपल्याकडच्या शिबिरांमध्ये पॅपपेक्षा ॲसिटिक ॲसिडची तपासणी जास्त चालते, कारण तिला प्रयोगशाळा लागत नाही. व्हिनेगरसारखं पातळ द्रावण पिशवीच्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं आणि निकाल तिथल्या तिथे सांगायचा. ही खरीखुरी स्क्रीनिंग चाचणी आहे. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी दर 5 वर्षांनी हीच ठरवलेली आहे. पण तिची नोंद असते शिबिराच्या रजिस्टरमध्ये, फार तर आईला दिलेल्या एखाद्या पिवळ्या-गुलाबी कार्डावर. दवाखान्याच्या फाईलला तिचा पत्ताच नसतो. म्हणजे कदाचित आईची तपासणी झालीही असेल, तिने सांगितलेल्या दवाखान्यात नाही, तिने सांगितलेल्या नावाची नाही, पण झाली असेल. मनाने दोन प्रसंग एकात गुंडाळून ठेवले असतील, तिथली जागा, इथलं नाव. आठवणी असंच करतात.

म्हणून कागद तिच्यापुढे टाकून कबुलीजबाब घ्यायचा विचार सोड. त्यातून तुला फक्त एक रुसलेली आई मिळेल. त्याऐवजी तिला साक्षीदार कर. तिच्या आठवणीत असं काही आहे जे कुठल्याच फाईलमध्ये नाही, आणि ते नीट विचारलं तर बाहेर येतं. संध्याकाळी भाजी निवडताना विचार, फोनवर नको. 'पॅप' हा शब्द काढूच नकोस. शिबिर कुठल्या सभागृहात होतं? पुराच्या आधी की नंतर? तोंडाला मास्क होता का? (मास्क होता म्हटलं की निम्मं कोडं सुटतं.) आत औषध लावल्यावर थोडं चुरचुरलं का? लगेच सांगितलं, की "रिपोर्ट आठवड्याने या घ्यायला" म्हणाले? आणि सगळ्यात महत्त्वाचं: तो रिपोर्ट तू डोळ्यांनी पाहिलास, की कोणाचा फोन आला नाही म्हणून नॉर्मल धरलास? या शेवटच्या प्रश्नावर कितीतरी घरांत एकदम शांतता पसरते. काचपट्टी गेली, निकाल आणायला कोणी गेलंच नाही, आणि वर्षानुवर्षं 'नॉर्मल' म्हणून सांगितलं जातं.

चुरचुरलं आणि लगेच सांगितलं, तर बहुतेक ती ॲसिटिक ॲसिडची तपासणी. मग मंडळाच्या अध्यक्षबाईंना किंवा तुमच्या भागातल्या आशाताईंना विचार; शिबिर कोणी घेतलं होतं ते त्यांना ठाऊक असतं, आणि रजिस्टर त्या संस्थेकडे सापडू शकतं. काचपट्टी पाठवली असेल तर पॅथॉलॉजी लॅबकडे नाव आणि अंदाजे महिना सांगून जुना रिपोर्ट मागता येतो.

शोधायला किती दिवस द्यायचे? माझं मत विचारशील तर एक आठवडा. आईच्या लाल जाण्याची भेट त्यासाठी अडवायची नाही. रिपोर्ट मिळाला नाही तर 'झाली नाही' असं समजून पुढे जायचं, आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर त्याच भेटीत, त्याच टेबलावर पॅप किंवा एचपीव्हीचा नमुना घेऊन टाकायचा. एखादी चाचणी दोनदा झाली म्हणून फारसं बिघडत नाही. झालीय असं समजून राहून गेली तर मात्र बिघडतं. आणि ही चाचणी क्षुल्लक नव्हे, याचा दाखला तुमच्या सांगलीपासून फार लांब नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या साथीने 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांवर मोठा अभ्यास झाला; निष्कर्ष 2009 मध्ये आले. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅपच्या आणि ॲसिटिक ॲसिडच्या गटांत तेवढा स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणूनच 'कोणती' हा प्रश्न मी इतका लावून धरला. आईच्या वयाला मिळत असेल तर एचपीव्हीबद्दल डॉक्टरांना जरूर विचार.

मावशीबद्दलही तेच. 'पोटाचा कॅन्सर' हे आपल्या घरांमधलं फार मोठं गाठोडं आहे. त्यात जठर येतं, यकृत येतं, आतडं येतं, अंडाशय आणि पिशवीसुद्धा येते. स्तनाचा कॅन्सर नातेवाईक सहसा बरोबर सांगतात; पोटातल्या अवयवाचं नाव बऱ्याचदा चुकतं किंवा घेतलंच जात नाही. डॉक्टरांना फरक पडतो तो नेमका अवयव कोणता आणि मावशीचं तेव्हाचं वय काय याने. मावसभावाला फोन करून डिस्चार्ज कार्ड किंवा बायॉप्सीचा रिपोर्ट आहे का विचार. माणूस गेल्यावर आपल्याकडे या फायली पहिल्यांदा जाळतात किंवा माळ्यावर टाकतात. माळ्यावर टाकली असेल अशी आशा करू.

हे वाचणाऱ्या इतर बायकांसाठी एक गोष्ट मध्येच. "माझी पिशवी काढलीय, मला कसली तपासणी?" असं म्हणणाऱ्या खूप जणी भेटतात, आणि मराठवाड्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर पिशव्या किती सहज काढल्या गेल्या ते 2019 पासून सगळ्यांनी वाचलंय. पण काही शस्त्रक्रियांमध्ये पिशवी काढतात आणि तोंड तसंच ठेवतात. तोंड असेल तर तपासणी लागते. तोंडही काढलेलं असेल आणि आधी कधी पेशींचे गंभीर बदल किंवा कॅन्सर निघालेला नसेल, तर सहसा लागत नाही. पोटावरच्या टाक्यांवरून हे कळत नाही. शस्त्रक्रियेची नोंद किंवा काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट बघावा लागतो. तोही नसेल तर डॉक्टर पी/एस करून दोन मिनिटांत सांगू शकतात.

कागदांचं काय करायचं ते थोडक्यात सांगते, कारण तुझ्या घरातले एकदा वाहून गेलेच आहेत. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी 3 वर्षं ठेवायच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्या तर 72 तासांत द्यायच्या असतात. बाह्यरुग्णाचे कागद मात्र बहुधा आपल्याच कपाटात असतात, म्हणजे ती जबाबदारी आपली. रिपोर्ट हातात पडला की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो, तारीख आणि लॅबचा नंबर दिसेल असा, आणि तो घरातल्या दुसऱ्या एका माणसाला पाठवायचा. सोनोग्राफीचे चकचकीत प्रिंट काही वर्षांत पुसट होतात, त्यांचा फोटो आधी. आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) काढला असेल तर तिथेही जोडता येतं, पण दवाखान्याने काही टाकलं तरच तिथे काही दिसतं. एक दोनशे पानी वही मात्र कधीच हँग होत नाही: तारीख, चाचणीचं नाव (रिपोर्टवर लिहिलंय तसंच्या तसं), कुठे, निकाल, पुढची कधी. पाच रकाने. आईलाच लिहायला सांग. तिच्या अक्षरात असेल तर पुढच्या वेळी ती ठामपणे बोलेल, आणि बरोबरही बोलेल.

बाबांना काय सांगशील? मला वाटतं फाईलचा विषय न काढता एवढंच, की मध्ये लाल गेलं म्हणून डॉक्टरांकडे न्यायचं आहे आणि तुम्हीही बरोबर चला. बहुतेक त्यांना ते माहीतच नसेल. आपल्या घरांत बायका हे नवऱ्याला सांगत नाहीत, लेकीला एका ओळीत सांगतात, आणि लेक ती ओळ पत्राच्या शेवटी टाकते.

भेटीला जाताना 2021 ची झेरॉक्स, चालू गोळ्यांची यादी, लाल कधी आणि किती दिवस गेलं ते कागदावर लिहून, आणि मिळालं तर मावशीचं कार्ड, एवढं ने. डॉक्टरांनी विचारलं तर उत्तर आईला देऊ दे, तू मध्ये बोलू नकोस. आणि हो, मला कळवायला विसरू नकोस: शिबिरात चुरचुरलं होतं की नव्हतं?